बायचा हौद

बोट हौदात बुडवायचं, अंगठ्यावर चोळायचं, नाकाशी न्यायचं आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, "मासळी काढली म्हणून दर्या ओतून देतात का रे?" सकाळी कामावर आल्या आल्या बायचा हा कार्यक्रम ठरलेला. मी आपला पान्हा हातात घेऊन "नाय ओतत, बाय" म्हणायचो आणि पुढे जायचो.

चारकोपच्या कारखान्यांच्या मागे, खाडीच्या अंगाला आमचं काम चालतं. लांबच लांब सिमेंटचे हौद, वर पारदर्शक छप्पर आणि हौदात हिरवंगार शेवाळ, पिठासारखं बारीक. ते वाळवून पावडर करतात, लोक ताकदीसाठी खातात. खात असतील बापडे! मी तिथला फिटर. पाणी हलतं ठेवणारी पात्यांची चाकं माझ्या ताब्यात. बाय प्रयोगशाळेची प्रमुख, एम.एस्सी. झालेली, जवळच्याच कोळीवाड्यातली. वयाने मोठी, हुद्द्याने मोठी, पण अहो-जाहो केलं की खवळायची. "मी काय तुझी सासू आहे?"

शेवाळ कापडातून गाळलं की मागे सोडा आणि खतं विरघळलेलं पाणी उरतं. बाय ते पुन्हा हौदात घ्यायची. पुन्हा गाळायचं, पुन्हा घ्यायचं. सोडून द्यायचं नावच नाही. कारण आमचा नाला जिथे खाडीला मिळतो, तिथेच चिखलात बसून तिची आई तिसऱ्यांचे शिंपले वेचायची. म्हातारीला घरी बस म्हटलेलं चालत नसे. "ते पाणी आयेच्या पायाशी जाईल रे," एवढंच बाय बोलायची.

पण एका पावसाळ्यात त्या पाण्याने दगा दिला. फेऱ्यांवर फेऱ्या होऊन त्यात मेलेल्या शेवाळाचा अंश साठला होता. हौदांवर साबणासारखा फेस धरला, रंग उतरला. साहेब म्हणाले, "सगळे हौद नाल्यात रिकामे करा, नवीन पाणी भरा." बायने हातापाया पडून एका हौदासाठी आठवडा मागून घेतला. जुनंच पाणी वाळू-कोळशातून गाळलं, थोडं ताजं मिसळलं, कमी पडलेलं खत घातलं. हा हौद जगला तर बाकीचंही पाणी तसंच वाचवायचं. मेला तर सगळं नाल्यात.

हळूहळू फेस बसला, हिरवा रंग परतायला लागला. आणि आठवड्याच्या शेवटच्या सकाळी काडकन आवाज आला. धावत गेलो तर चाक अडकलेलं, पाती मोडलेली आणि मधे चेपून बसलेला नारळ! सोनेरी कागद लावलेला, हळदकुंकू वाहिलेला.

"हे काय गं बाय?"

"आज नारळी पुनव ना रे," ती पुटपुटली. "दर्याला घालतो, म्हटलं याला पण घालावा. शांत होईल."

माझं डोकंच सटकलं. "अगं, दर्याला चाक नसतं!"

बायचा चेहरा रडवेला झाला. पाणी थांबलं की शेवाळाचे गठ्ठे वर येतात आणि कुजायला लागतात, हे मी तिच्याकडूनच शिकलो होतो. चाक दुरुस्त व्हायला अख्खा दिवस जाणार होता. ती तशीच फाटकाबाहेर गेली. परत आली ती रिक्षातून, भावाच्या होडीचं वल्हं हातभर बाहेर निघालेलं. सणाची जरीची साडी खोचून कठड्यावर उभी राहिली आणि हौद वल्हवायला लागली. मी चाकाला शिव्या घालतोय, ती घामाघूम होऊन वल्हवतेय.

"बापाने कधी होडीत घेतलं नाही रे," मधेच हसून म्हणाली. "आता बघायला पाहिजे होता."

संध्याकाळी चाक फिरलं. हौद हिरवाच होता. साहेब हौदावर वाकले आणि म्हणाले, "ठीक आहे, ठेवा हेच पाणी." ते गेल्यावर बायने माझा तेलकट हात धरला आणि ढसाढसा रडली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू.

पुढे बाय आजारी पडली. लवकर गेली, फार लवकर. असं कोणी जातं का? तिची आई अजून खाडीत बसते. मी दिसलो की चिखलाचा हात वर करून विचारते, "बायचा हौद हाय ना रं?" मी मान डोलावतो.

तो हौद आम्ही अजून ओतलेला नाही. पाणी आटलं की ताजं मिसळतो, पण त्यात थोडं तरी तिचं बोट लागलेलं पाणी असणारच. नारळी पुनवेला मी नारळ घेऊन जातो. आधी चाक बंद करतो. मग नारळ पाण्यात सोडतो, "नाय ओतला गं बाय," म्हणतो, आणि तो बाहेर काढेपर्यंत तिने आणलेलं, इथेच राहिलेलं वल्हं घेऊन हौद वल्हवत राहतो.