नानांचं हां, हां

दोंडाईच्याच्या स्टँडवर सुरतची बस लागली तेव्हा नाना, म्हणजे माझे वडील, माझी बॅग सीटखाली सरकवत होते. इंजिन सुरू झालं होतं. मी त्यांच्या पाठीमागून विचारलं, "माले तठे करमनं नही ते परत येऊ का?" नाना वळले, हसले, "हां, हां" म्हणाले आणि उतरून गेले. एमबीबीएस झालेली पोरगी असं विचारते आणि बापाला त्याचं काहीच नाही? नवापूर येईपर्यंत मी गाल फुगवून बसले होते.

ज्या सुरतेत नानांनी बावीस वर्षं कापडाचे लूम चालवले, तिथंच मी फॅमिली मेडिसिन शिकायला आले. तेव्हा ते दिवाळीला आणि आखाजीच्या सणाला घरी यायचे, आता मी येते. गावातल्या तुम्हाला ही अदलाबदल नवीन नाही.

पहिलं वर्ष मोठ्या हॉस्पिटलात गेलं. दुसऱ्या वर्षी आम्हाला बाहेरच्या पोस्टिंगवर पाठवतात. माझी तीन महिने सुरतेतल्याच बमरोली भागातल्या एका दवाखान्यात लागली. सोबत नर्सिंगची वैशाली होती, बमरोलीतच वाढलेली, लूमवाल्याची मुलगी. मी तर खूशच झाले. हॉस्पिटलात माझी गुजराती अडखळायची, इथं ओपीडीत निम्मे लोक खानदेशातले. केस पेपर लिहिता लिहिता मी हळू, गोड आवाजात, थेट घरच्या बोलीत सगळं समजावायचे. पेशंट माना डोलवायचे.

त्यातले एक बापू, शिंदखेड्याकडचे. डायबेटिसची गोळी देताना मी बजावलं, गोळी घेतली की जेवायचंच. "हां बेन, हां." चौथ्या दिवशी त्यांच्या लूमच्या कारखान्यातल्या दोघांनी त्यांना धरून आणलं. घामानं भिजलेले, हात थरथरताहेत. गोळी घेऊन उपाशीच कामाला उभे राहिले होते, रक्तातली साखर एकदम उतरली होती. चालू मशीनवर पडले असते तर? साखरेचं पाणी पिऊन ते सावरले, मी मात्र रडायच्या बेतात होते.

"मी सांगितलं होतं यांना," मी वैशालीला म्हणाले.

"मॅडम, तुम्ही खाली बघून सांगितलं. तोंड कुठं दिसलं त्यांना? मशीनच्या आवाजानं लूमवाल्याला ऐकू कमी येतं. पण तो परत विचारत नाही, मान हलवतो. माझे पप्पा पण सेम."

मग ती बापूंच्या समोर उभी राहिली. आवाज जवळजवळ नाहीच, ओठ मात्र मोठे उघडलेले, आणि बोटांनी गोळी, ताट, घास. बापूंनी या वेळी मान हलवली नाही. त्यांनी विचारलं, "अन् एकादशीले काय करानं?"

लूमवाल्यांचं हे ओठांचं बोलणं मला बघायचंच होतं. दुसऱ्या दिवशी वैशाली मला कारखान्यात घेऊन गेली. त्या धडधडाटात दोन टोकांचे दोन कारागीर ओठांनी आणि बोटांनी गप्पा मारत होते, हसतही होते. "डॉक्टरबेन घाबरली म्हणतायत," वैशालीनं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. मी घाबरले नव्हते. मला स्टँडवरचे नाना आठवले होते. दीड वर्ष मी फोनवर त्यांना मनातलं सांगत होते आणि ते "हां, हां" करून फोन आईकडे देत होते. डॉक्टर असून मला हे ओळखता आलं नाही याची फार लाज वाटली.

संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला. उजेडाकडे तोंड करून, ओठ नीट उघडून स्टँडवरचा तोच प्रश्न विचारला, बोटांनी बस दाखवली. नाना स्क्रीनच्या अगदी जवळ आले. मग त्यांनीच सुरुवात केली. बमरोलीत कोणत्या गल्लीत? जेवण कुठं? रडतेस का? अर्धा तास आईला फोन मिळाला नाही.

आता घर कोणतं, असं तुम्ही विचारता. मला उलटून विचारणारे नाना जिथं आहेत, ते.

फोन ठेवण्याआधी ते म्हणाले, "कव्हय बी ये, घर तुनंच शे. पन इतला दिन विचारं का नही?"

विचारलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.