न कळलेलं सुतक

ऐंशीच्या दशकात आम्ही ॲन आर्बरला राहत होतो. तिथल्या युनिव्हर्सिटीत ग्रीक शोकांतिकांचा एक वर्ग चालायचा, त्याला मी नुसती ऐकायला जाऊन बसायचे. परीक्षा नाही, डिग्री नाही. नवरा म्हणायचा, "काय यूज आहे त्याचा?" यूज काहीच नव्हता, म्हणून तर जात होते.

शिकवणाऱ्या प्राध्यापक बाई वयस्कर होत्या. त्या सांगायच्या, ही नाटकं म्हणजे करमणूक नव्हे, देवाचं कार्य होतं. मद्याच्या देवाची मूर्ती मिरवत नाट्यगृहात आणायची, बळी द्यायचे, डुकराच्या पिलाच्या रक्तानं जागा शुद्ध करून घ्यायची, मगच नाटक. अमेरिकन मुलं कपाळाला आठ्या घालून हे उतरवून घेत. मला त्यात काही नवल वाटत नसे. आमच्या मंडळाचं नाटकही गणपतीपुढेच व्हायचं. डुक्कर तेवढं नव्हतं.

एका गुरुवारी बाईंनी फळ्यावर शब्द लिहिला, मियास्मा. मुलं म्हणाली, म्हणजे पाप, गिल्ट. बाई नकारार्थी मान हलवत राहिल्या. शेवटी मी बोलले. आमच्याकडे याला सुतक म्हणतात. त्यात कुणाचा दोष नसतो, घरातलं माणूस गेलं की ते लागतं. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, ग्रीकांना तर नकळतही लागायचं. एकाच्या हातून अजाणता हत्या घडली तरी अख्ख्या गावाला भोगावं लागायचं.

"आमचं त्यातल्या त्यात बरं आहे," मी म्हटलं. "बातमी कळेपर्यंत सुतक लागत नाही."

वर्ग हसला. मीही हसले.

त्या वर्षी नवरा महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष झाला होता. शनिवारी गणपती बसायचा होता. पूजेला यजमान तोच, आणि उकडीचे मोदक माझ्याकडे, कारण मोदकाला नीट कळ्या पाडता येणारी गावात मी एकटीच. गुरुवारी जेवताना मी त्याला वर्गातली गंमत सांगितली.

"म्हणजे कळलं नाही तर लागतच नाही ना?" त्यानं विचारलं. भात वाढून घेताना पुन्हा तेच विचारलं. मला बरं वाटलं, एकदाचा माझ्या शिकण्यात रस घेतोय म्हणून.

शनिवारी मी गुणगुणत उकड मळली. कॅसेटवरच्या गुरुजींच्या मागोमाग नवऱ्यानं पूजा केली. आरतीत माझा आवाज सगळ्यांत वर होता. रविवारी दुपारी प्लास्टिकच्या टबात विसर्जन झालं, घरी आलो, त्यानं सोवळं सोडून शर्ट चढवला आणि मला सांगितलं, की माझे वडील गेले. गुरुवारी. सकाळीच त्याच्या ऑफिसात फोन आला होता.

"तुला सांगितलं असतं तर सुतक लागलं असतं. मग मोदक कोण करणार? एवढी माणसं येणार होती, कॅन्सल करायचं का? आणि तूच म्हणालीस ना, कळल्याशिवाय लागत नाही. टेक्निकली काही चुकलेलं नाही."

मी धाकट्या भावाला फोन लावला. तो आधी नुसताच रडला.

"तू येतेस का, हे विचारायलाच भावोजींना फोन केला होता, ताई. बर्फाची सोयही केली होती. ते म्हणाले, तिला जमणार नाही, थांबू नका."

फोन ठेवून मी नवऱ्याला एवढंच विचारलं, "सासऱ्याचं सुतक जावयालाही असतं. तुम्हाला तर कळलं होतं. मग पूजेला कसे बसलात?"

"आता ते कशाला?" तो म्हणाला आणि उरलेले मोदक फ्रीजमध्ये ठेवायला गेला.

राग आला असं म्हणणं कमी आहे. तो माणूसच मला नकोसा झाला, आणि त्याच्याच घरात मी राहिले. वर्गालाही जात राहिले, पण तिथं पुन्हा तोंड उघडलं नाही. ग्रीकांचंच बरोबर होतं. कळो न कळो, लागायचं ते लागलेलंच असतं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या मीटिंगमध्ये एका नव्या मुलीनं विचारलं, "काकू, मोदक तुमच्याकडेच ना?"

"मला सुतक आहे," मी म्हटलं.

ती गोंधळली. "सॉरी काकू. कोण गेलं?"

नवरा समोरच बसला होता.

"ह्यांना विचार," मी म्हटलं. "ह्यांना माझ्या आधी कळतं."