दादासोंचं सावकाश इंग्रजी

दादासो कांबळ्यांनी वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी इंग्रजी शिकायला घेतलं, तेव्हा उद्यमनगरातल्या चहाच्या टपरीपर्यंत हसं झालं. पण माणूस हट्टाला पेटलेला, आणि कारणही तसंच. हंबीररावांच्या लोखंड ओतायच्या फौंड्रीत ते बावीस वर्षं वाळूचे साचे भरत होते. गेली दोन वर्षं मात्र जर्मनीला गेलेला माल भोकं पडलेला म्हणून परत येत होता, आणि हंबीरराव येईल त्याला सांगत, "दादासोचा हात गेला आता." वाळू कालवायच्या मिक्सरचा पाण्याचा कॉक गळतोय, वाळूत पाणी जास्त पडतंय, त्याच्या वाफेनंच भोकं पडतात, हे दादासोंनी सांगून सांगून बघितलं. "तू साचं भर, बाकीचं मी बघतो," एवढंच उत्तर. मग शहाण्णव साली बातमी आली, मे महिन्यात जर्मनीचा साहेब स्वतः येणार. दादासोंनी ठरवलं, आता त्यालाच सांगायचं.

लेक दीप्तीनं शिकवणीच्या कॅसेट आणून दिल्या. टेपरेकॉर्डरची वायर उंदरानं खाल्लेली, म्हणून सगळा कारभार सेलवर. आणि सेल ही दादासोंच्या लेखी जन्मात एकदाच घ्यायची वस्तू! उतरले की पत्र्यावर उन्हात ठेवायचे, तापले की परत घालायचे. बायकोच्या, शेवंताबाईंच्या सांडग्यांशेजारी चार सेल रोज वाळत पडलेले. असल्या सेलांवर कॅसेटमधली बाई बोलून बोलून काय बोलणार? जांभया दिल्यासारखी, घोगऱ्या आवाजात एकेक शब्द ओढायची, "धिस... इज... माय... हाऊस." दादासो तस्संच म्हणायचे, घोगऱ्या आवाजासकट.

"अवो, बाई हाय का बाप्या?" शेवंताबाई विचारायच्या. "आजारी दिसतीया बिचारी. च्या तरी इच्यारा तिला."

एकदा दीप्तीनं गुपचूप नवे सेल घातले. बाई अशी तडातडा बोलायला लागली, की दादासो दचकून मागंच सरकले. "ही कोण आणि? हिला कुठली यष्टी गाठायची हाय? आपली पयली बाई बरी हुती की!" नवे सेल काढले, उन्हातले परत घातले. पोरगी कपाळाला हात लावून बसली. चार महिने हीच तऱ्हा.

साहेब आला. हंबीरराव इंग्रजी भलतं भरभर बोलत. चूक कुणाच्या ध्यानात येऊ नये म्हणून तेवढा वेग ठेवावाच लागे. साहेबाची मूळची भाषा जर्मन, इंग्रजी त्यानंही शिकूनच घेतलेलं. बिचारा नुसती मान हलवत होता. साच्यांपाशी आल्यावर हंबीररावांनी दादासोंकडं बोट करून काहीतरी सांगितलं. त्यातलं "ओल्ड मॅन" तेवढं दादासोंना कळलं, आणि जिव्हारी लागलं. ते पुढं झाले.

"सर... धिस... सँड... इज... वेट. टू मच... वॉटर."

बाकीच्या गड्यांनी हसू दाबायला तोंडावर फडकी धरली. साहेब मात्र थबकला. सकाळपासून पहिल्यांदाच कुणाचं तरी बोलणं त्याला पुरतं कळलं होतं. त्यानं मूठभर वाळू दाबून बघितली, ओला तळवा बघितला, मिक्सरचा गळका कॉकही बघून आला. मग विचारलं, "व्हाय यू... नॉट टेल... बिफोर?"

प्रश्न कळला, पण उत्तर काही कॅसेटमध्ये नव्हतं. दादासोंनी सरळ मराठीतच सांगून टाकलं, "दोन वर्सं सांगतोय की. मालकांस्नी इच्यारा."

साहेब हंबीररावांकडं वळला. "व्हॉट डझ ही से?"

हंबीररावांनी रुमालानं मान पुसली, एकदा साहेबाकडं, एकदा दादासोंकडं बघितलं. "ही टोल्ड मी," ते म्हणाले. "टू इयर्स. आय डिड नॉट लिसन."

हे मात्र दादासोंना एका दमात कळलं. त्यांनी तोंड फिरवलं आणि वाळूच्या हातांनीच डोळे पुसले.