एक जास्वंद, चार फ्लॅश

माझा साडू मुळात वाईट माणूस नाही, म्हणून तर त्याच्यावर रागवायला मला फार कष्ट पडले. मुलीचं लग्न ठरल्यावर तो देवळाली कॅम्पला आमच्या घरी पेढे घेऊन आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "इतकी वर्षं तुम्ही सगळ्यांची लग्नं काढलीत. या वेळी कॅमेरा घरी ठेवा. पाहुणे म्हणून या, निवांत बसा." बायकोने माझ्याकडे पाहिलं. बोलावं लागू नये म्हणून मी अख्खा पेढा तोंडात टाकला.

आमच्या दोन्ही घरांतल्या एकाही लग्नाचे फोटो दुसऱ्या कुणी काढलेले नव्हते. पण गेल्या वर्षापासून माझा उजवा हात थरथरायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, पण हे जाणारही नाही. त्यांनी लॉन्सवर संध्याकाळचं लग्न कधी काढलेलं नसणार. मागची रोषणाई फोटोत यावी म्हणून तिथे शटर सावकाश ठेवावं लागतं, आणि सावकाश शटरला हाताची प्रत्येक थरथर दिसते. शेवटच्या काही लग्नांत नवरीच्या चेहऱ्याला दोन-दोन कडा आल्या. स्टँड लावा म्हणणं सोपं असतं, पण वरमालेच्या वेळी मामामंडळी नवरानवरीला उचलून पळवतात, तिथे स्टँड काय कपाळ करणार? तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त फोन यायचे थांबले.

मी गप्प बसून राहिलोही असतो. पण त्याच आठवड्यात साडूच्या अमेरिकेतल्या मुलाने घरच्या ग्रुपवर हमिंगबर्डचा फोटो टाकला. पक्षी फुलासमोर हवेत थांबलेला आणि पंखाचं पीसन् पीस मोजून घ्यावं असं. खाली साडूने लिहिलं, "याला म्हणतात फोटो." मुलाने पुढे खुलासा केला होता की असे फोटो एका वेळी बरेच फ्लॅश लावून काढतात. माझ्या डोक्यात सणक गेली. फ्लॅशच्या गोष्टी मला सांगताय? माझी हयात फ्लॅशमध्ये गेली.

हमिंगबर्ड आपल्याकडे नाही, पण शिंजीर आहे. अंगठ्याएवढा पक्षी, बाकदार चोच, आणि विणीच्या दिवसांत नराचं अंग मोरपंखी निळं चमकतं. आमच्या परसात जास्वंदीचं झाड आहे, खाली लोंबणाऱ्या झुमक्यासारख्या फुलांचं. तिथे त्याची रोज सकाळी फेरी असते. डोंगराकडच्या बाजूला तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजतात, पण हा पठ्ठ्या ढिम्म हलत नाही. मी कपाटातून चारही फ्लॅश काढले, पुसले, आणि बायकोला सांगितलं की याचे उडते पंख मी फोटोत थांबवून दाखवणार.

"अहो, तुमचा हात," ती म्हणाली, आणि पुढचं गिळलं. ते गिळलेलंच मला जास्त लागलं. हा फोटो आला नाही तर कॅमेरा विकून टाकायचा, असं मी त्या क्षणी मनाशी ठरवलं. तिला सांगितलं नाही.

पहिली अडचण शिंजिराचीच. झाडावर वीस फुलं, त्यातल्या कुठल्या फुलावर तो जाईल हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. फ्लॅश तर एकाच जागेवर रोखून ठेवावे लागतात. शिवाय बूड टेकायला फांदी मिळाली तर तो उडत कशाला राहील? तो आरामात बसून पिणार. चार दिवस माझ्याकडे नुसते बसलेल्या शिंजिराचे फोटो जमले, तेही पाठमोरे.

मार्ग निघाला तो देवपूजेतून. शिंजिराची फेरी झाली की बायको रोज गणपतीसाठी झाडावरची सगळी फुलं काढते, एकही ठेवत नाही. मी तिला म्हणालो, उद्यापासून फुलं तो यायच्या आधीच काढ, आणि देवाला एक फूल कमी. यावर घरात जे बोलणं झालं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अखेर ती कबूल झाली, पण फूल कुठलं ठेवायचं ते ती ठरवणार होती. तिने ठेवलं ते हात जेमतेम पोचणारं, एका लांब, बोडक्या फांदीच्या टोकाला लोंबणारं. आजूबाजूला बसायला काडीसुद्धा नव्हती. झाडावर उरलेलं तेवढं एकच फूल, आणि त्यातला मध प्यायचा तर खाली हवेत थांबूनच. देवाने स्वतः मांडणी केली असती तरी याहून बरी केली नसती. बायकोला मी एवढंच म्हणालो, "चालेल."

मग फ्लॅश मांडले. दोन पुढून, एक वरून. चौथा मागच्या पडद्यासाठी, कारण मागे काही नसलं तर सगळं काळंकुट्ट येतं आणि पक्षी अमावस्येला बाहेर पडल्यासारखा दिसतो. पडदा म्हणून बायकोची मालेगावची हिरवी सुती साडी दोरीवर घातली. ऊन आत येऊ नये म्हणून वर द्राक्षबागेतली जुनी शेडनेट बांधली. आणि लग्नात लावतो तसे चारही फ्लॅश फुल पॉवरवर ठेवले. लॉन्सवर दुसरा आकडा आम्हाला माहीतच नसतो. जितका उजेड जास्त तितका फोटोग्राफर मोठा, अशी आमच्या धंद्यात समजूत आहे.

शिंजीर आला, फुलाखाली थांबला, मी बटण दाबलं. परसात वीज कोसळल्यासारखं झालं आणि तो जो पळाला तो दुपारपर्यंत फिरकला नाही. फोटोत अंग होतं, पंखांच्या जागी धूर. त्या अंगालाही दोन कडा होत्या. पुढचे तीन दिवस तेच. पक्षी थरथरतोय की मी, हे कळायला मार्ग नव्हता. तिसऱ्या दिवशी मी मोरीत जाऊन उगाचच तोंड धुतलं.

बाहेर आलो तर बायको फ्लॅशसमोर उभी. "एवढासा जीव तो. त्याच्या डोळ्यांवर हे चार-चार सूर्य मारताय. डोळे गेले त्याचे तर? कमी करा, नाहीतर उद्यापासून सगळी फुलं देवाला."

मी चिडलो. "घे, कमी," म्हणत चारही फ्लॅश अगदी तळाच्या आकड्यावर नेऊन ठेवले, तिला अद्दल घडावी म्हणून. तेवढ्याशा उजेडात फोटो काळा येणार, म्हणून फ्लॅश सरकवत सरकवत फुलापासून हातभर अंतरावर आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिंजीर आला. उजेड फक्त पापणी लवल्यासारखा झाला. तो पळाला नाही, मजेत पीत राहिला. मी दाबत राहिलो.

आत येऊन फोटो मोठा करून पाहिला. पंख पसरलेला, कडा चाकूने कापल्यासारख्या. जांभळ्या छातीवरची चमक, चोचीला लागलेला परागाचा पिवळा कण, सगळं जागच्या जागी. फ्लॅश कमी ठेवला की तो कमी वेळ पेटतो, इतका कमी की पंखाला हलायला फुरसत मिळत नाही. फ्लॅशच्या पुस्तिकेत हे लिहिलेलं असणार, पण लग्नाचा फोटोग्राफर पुस्तिका वाचत नाही. आणि पंखाला जिथे फुरसत नव्हती, तिथे माझ्या हाताला कुठून मिळणार? कॅमेरा मी हातातच धरला होता, आणि हात नेहमीसारखाच थरथरत होता.

खात्री करायला तसाच बाहेर गेलो. पडद्याची साडी काढायला आलेल्या बायकोला त्याच चार फ्लॅशमध्ये उभी केली आणि ती ओरडत असतानाच फोटो काढला. तिच्या नाकातली चमकी खड्यासकट आली. लग्नात मागची रोषणाई हलली तर हलू दे, चेहरा हलणार नाही. मी पायरीवर बसलो आणि मला रडू फुटलं. ती आधी घाबरली, मग फोटो पाहून म्हणाली, "मी इतकी म्हातारी दिसते?"

शिंजिराचा फोटो मी ग्रुपवर टाकला. खाली काही लिहिलं नाही. थोड्या वेळाने साडूचा फोन आला.

"हा कुठला हो?"

"आमच्या परसातला."

"काढला कुणी?"

"मी."

"स्टँडवर?"

"हातात धरून."

मागे त्याच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता, मग तो बंद झाला. "दाजी," तो हळू आवाजात म्हणाला, "पोरीला पहिल्यापासून तुम्हीच हवे होतात. मीच नको म्हणालो. हळदीला कॅमेरा घेऊन किती वाजता याल?"

"बघतो, विचार करून सांगतो," असं म्हणून मी फोन ठेवला. त्याला एक रात्र तरी तळमळू द्यावं असं मला फार वाटत होतं.

"विचार कसला करायचाय त्यात?" बायकोने विचारलं. मी फ्लॅशचे सेल चार्जिंगला लावत होतो, आणि हात थरथरत असल्यामुळे त्याला जरा वेळ लागत होता.