एक गरम, एक गार

समस्त स्नानेच्छुक जनांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की मी लोणावळ्यात गरम पाण्याची चोरी केलेली आहे.

आम्ही उतरलो होतो त्या आरोग्यभवनात वीस खोल्यांना मिळून एकच तांब्याचा बंब होता. गच्चीवर सोलर होतं, पण पावसाळाभर त्याला सूर्य दिसत नसे. बंब सांभाळायला आंदर मावळातली एक मावशी होती. नाव मी कधी विचारलं नाही. पालथा हात तांब्याला लावून आत पाणी किती उरलंय, ते ती सांगायची. नियम एकच: गरम बादली काढली, की वरून गार बादली ओतायची. बंब कोरडा पडला तर आतली नळी जळते, आणि मॅनेजरनं बजावलंच होतं, "आता बिघडला की भंगारात." त्याच्याबरोबर मावशीचं कामही जाणार होतं.

त्या सकाळी मी गरम बादली काढली आणि आळसानं गार ओतली मात्र नाही. साबण लावतोय तोच बाहेर बंबातली जळती लाकडं ओढून काढल्याचा आवाज आला. मग दारावर थाप.

"मावशी, मी साबणात आहे!"

"असू द्या! टावेल गुंडाळा, आदी बंबात बादली वता, लाजायचं मागनं!"