नेलपॉलिशचे दोन ठिपके

हे मी ह्यांना सांगितलेलं नाही, आईलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही ते मनात येऊ देत नाही. चौथीपर्यंत शिकले, लिहायची सवय नाही — पण हे तोंडाने बोलणं त्याहून अवघड. म्हणून लिहिते.

हे फौजेत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतर आम्ही फरीदाबादलाच राहिलो. ह्यांनी एक जुनी पिकअप घेतली आणि कारखान्यातून काचा पोचवायचं काम धरलं. धाकटे दीर, दत्ता भावजी, आमच्याकडेच असायचे. गाडीकामात त्यांचा हात चांगला होता — हे आधीच सांगते, म्हणजे पुढे मला पळवाट राहायला नको. ह्यांनी त्यांच्यासाठी गल्लीच्या तोंडाशी गाळा बघून ठेवला होता. "आधी घरची गाडी नीट कर, मग तुझं गॅरेज," असं ठरलं होतं.

मी बुजरी. शेजारणी मला गरीब गाय म्हणतात. गरीब?

एकदा पाहुण्यांसमोर मी कुठल्याशा पान्याचं नाव चुकवलं. भावजी म्हणाले, "आमच्या वहिनी म्हणजे चौथी पास इंजिनीअर!" सगळे हसले. हेही हसले. एवढंच. याहून मोठं काही घडलं नव्हतं. तुम्ही शोधू नका — मी पुष्कळ शोधलं.

गाडीखाली एक लांब दांडा असतो, मागची चाकं फिरवणारा. शाफ्ट म्हणतात त्याला. तो दोन तुकड्यांचा, दातांनी एकात एक बसलेला. सोडवला तर होता तसाच बसवावा लागतो, म्हणून आधी दोन्ही तुकड्यांवर समोरासमोर खूण करतात. त्याचा एक सांधा झिजला होता, तो बदलायचा होता. भावजींनी माझी नेलपॉलिश मागून घेतली, दोन लाल ठिपके दिले, तुकडे वेगळे केले आणि माझ्यापुढे रॉकेलचा डबा ठेवला. "ग्रीस पुसून ठेवा वहिनी. ठिपक्यांना तेवढा हात लावू नका." आणि जेवायला गेले.

मी एक ठिपका नखाने खरवडला.

नुसता खरवडला असता तर त्यांना कळलं असतं, नाही का? म्हणून दोन दात सोडून तसाच नवा ठिपका दिला. फुंकर घालून वाळवला. घाई नव्हती मला.

त्यांनी येऊन ठिपक्याला ठिपका जुळवला. दुसऱ्या दिवसापासून गाडी थरथरू लागली. रेस दिली की कमी, पाय काढून वेग उतरू लागला की खालून थरथर, आणि मागे काचांचा कडकडाट. भावजींनी ब्रेक उघडले, चाकं बॅलन्स करून आणली, गिअरबॉक्सखालची रबरं बदलली. "लक्षणं शाफ्टचीच आहेत यार दादा," ते म्हणायचे, "पण खूण तर बिल्कुल बरोबर आहे." खुणेवर त्यांनी संशय घेतला नाही. घरातल्या माणसाने पुसून ठेवलेला शाफ्ट — संशय कशाला घेतील?

मी चहा घेऊन जायची. गाडीखालून नुसते त्यांचे पाय दिसायचे. मला — खरं लिहायचं ना? — मला बरं वाटायचं.

ह्यांनी एकदा मला शेजारी बसवून गाडी चालवली. "कुठून येतंय बघ गं, तुझं लक्ष असतं." मी चप्पल काढून तळवे पत्र्यावर टेकवले. थरथर बरोबर मधोमध येत होती, शाफ्टवरून. "मला काय कळतंय त्यातलं?" मी म्हणाले. तेव्हा सांगता आलं असतं. गाडीत दोघंच होतो.

मग एका सिग्नलला वेग कमी करताना अख्खी खेप तडकली. हे चिडून गाडी गाझियाबादच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे घेऊन गेले. तो खाली वाकला आणि लगेच उठला. "भाईसाहब, निशान ही गलत लगा है. किसने लगाया?"

घरी येऊन ह्यांनी भर गल्लीत भावजींच्या थोबाडीत मारली. "साधी खूण करता येत नाही, आणि गॅरेज पाहिजे?" भावजी गाडीखाली शिरले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. जुन्या ठिपक्याची कड मी नीट खरवडली नसणार, कारण बाहेर आल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मग ह्यांना म्हणाले, "माझीच चूक झाली, दादा."

माणसं जमली होती. चारचौघांत मी कधी बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"भावजी, खूण तरी नीट करायची होती."

"हो वहिनी," ते म्हणाले.

गाळा दुसऱ्याने घेतला, तिथे आता फरश्या विकतात. भावजी वेगळे राहतात, एका गोदामात खोकी उचलतात. पान्याला परत हात लावला नाही. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, आणि सांगणारही नाहीत, हे मला ठाऊक आहे.

दिवाळीला घरी येतात. "वहिनी, बऱ्या आहात ना?" विचारतात. मी हो म्हणते, ताट वाढते. त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही, असं लिहिणार होते — पण ते खोटं होईल. बघवतं.