बिनचेहऱ्याची बाई

राजापेठेतल्या अ‍ॅनिमेशनच्या क्लासात सर म्हणाले, "चेहरा काढायचा नाही. माणूस नुसत्या चालण्यावरून ओळखू आला पाहिजे." मला ते थोतांड वाटलं. तरी सुटीत अकोल्याजवळच्या आमच्या गावी गेले आणि शेतात आईच्या मागे वही घेऊन फिरू लागले.

"कावून माह्या मागं मागं फिरून राहिली वं?" ती वैतागली.

डावा पाय टेकताना तिचा खांदा जरासा झुकायचा. तेवढंच मला पकडायचं होतं. लोडशेडिंगमुळे दिवसभर लाइट नसायची, म्हणून खालचं चित्र उजेडात दिसावं यासाठी खिडकीच्या काचेवर कागदावर कागद धरून मी एकेक पाऊल उतरवलं. सगळे कागद टाचून अंगठ्याने भराभर सोडले, आणि ती बिनचेहऱ्याची बाई चक्क चालू लागली. मी तशीच चुलीपाशी धावले.

आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि कागद स्वतः सोडून पाहिले. पुन्हा पाहिले. स्वतःला ती ओळखेल म्हणून मी तिच्याकडे बघत उभी होते.

"हे तं माही माय चालून राहिली," ती म्हणाली.

ती आजी माझ्या जन्माआधीच गेली होती.